टायरचं तिसरं कोटेशन

कोटेशनरावांना मोटारसायकल चालवता येत नाही, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. कारण पुढे टायरचा विषय निघणार आहे आणि तो इतका ताणला जाणार आहे की ऐकणाऱ्याला वाटावं, हा गृहस्थ शर्यती मारून आलाय. तसलं काही नाही. लायसन्ससाठी त्यांनी तीनदा परीक्षा दिली आणि तिन्ही वेळा नागमोडी जाताना मधले खांब पाडले. तिसऱ्या वेळी परीक्षकाने पडलेले खांब स्वतः उचलले, हात झटकले आणि अगदी मायेने म्हणाला, "साहेब, बसचा महिन्याचा पास छान मिळतो हल्ली."

गाडी चालवते ती त्यांची बायको. ती शाळेत गणित शिकवते, त्यामुळे सगळी गल्ली तिला बाई म्हणते. आपणही बाईच म्हणू, उगाच ओरडा नको. बाईंच्या वडिलांचं गॅरेज होतं. पाढे पाठ व्हायच्या आधी बाईंना स्पार्क प्लग साफ करता येत होता. रोज सकाळी साडेनऊला बाई पुढे आणि कोटेशनराव मागे, गळ्यात डब्याची पिशवी, दोन्ही हात मागच्या दांडीला, पाठ ताठ, अशी स्वारी निघायची. बाईंच्या खांद्यावर हात ठेवायचे नाहीत. चारचौघांत बरं दिसत नाही म्हणे. बायकोच्या मागे बसून ऑफिसला जाणं बरं दिसतं, खांद्यावर हात ठेवणं बरं दिसत नाही! आता याला काय म्हणायचं ते तुम्हीच ठरवा.

त्यावरून नाही, पण वळणावरून मात्र दोघांचं चोवीस वर्षं भांडण चाललं होतं. वळण आलं की गाडी वाकते, आणि मागच्याने गाडीबरोबर वाकायचं असतं. कोटेशनराव वाकायचे नाहीत. उलट गाडी डावीकडे गेली की हे उजवीकडे कलून तिला सावरायला बघायचे.

"अहो, माझ्याबरोबर वाका जरा," बाई ओरडायच्या.

"माणसाने सरळ बसावं," मागून उत्तर यायचं.

कोटेशनराव हे काही त्यांचं खरं नाव नव्हे, हे चाणाक्ष लोकांनी ओळखलंच असेल. तीस वर्षं ते एका ऑफिसच्या खरेदी विभागात होते. खरेदी विभागाचा नियम असा की टाचणी घ्यायची असली तरी तीन दुकानांची कोटेशनं मागवायची, त्यांचा तुलनात्मक तक्ता करायचा, खाली शेरा मारायचा आणि मग टाचणी. हा नियम त्यांनी घरीही आणला. एकदा छत्रीचा तक्ता पूर्ण झाला तेव्हा पावसाळा संपला होता. या गोष्टीच्या आधी नियम मोडल्याची एकच नोंद सापडते: लग्नासाठी बाईंचं स्थळ आलं तेव्हा त्यांनी पहिल्याच कोटेशनला होकार दिला होता. दुसरं मागवलंच नाही.

आता मुख्य गोष्ट सांगायला हवी, आणि ती सांगताना कोटेशनरावांचे कान आजही लाल होतात.

दीड वर्षापूर्वी गॅरेजवाल्या मिस्त्रींनी त्यांना बजावलं होतं, "साहेब, मागचा टायर गेलाय. नख घालून बघा, नक्षी उरलीच नाही." कोटेशनरावांनी रीतसर कोटेशनं मागवली. दोन आली. तिसरं पुलाखालच्या दुकानदाराकडून यायचं होतं. त्या दिवसांत बाई वार्षिक परीक्षेच्या पेपरांत मानेपर्यंत बुडालेल्या. गाडी सर्व्हिसिंगहून परत आली तेव्हा त्यांनी गठ्ठ्यातून मान वर न काढताच विचारलं, "अहो, टायरचं झालं का?"

आणि कोटेशनराव म्हणाले, "झालं."

त्यांच्या हिशेबी झाल्यातच जमा होतं. एक कागद तेवढा यायचा होता. ऑफिसात याला 'कार्यवाही पूर्ण होत आली आहे' असं म्हणतात. घरात याला खोटं बोलणं म्हणतात. एरवी बाईंनी खाली वाकून बघितलं असतं, पण चालवणं त्यांचं आणि खरेदी ह्यांची अशी घरात वाटणी होती, आणि त्या वाटणीवर त्यांचा विश्वास होता.

दुसऱ्या दिवशी पोस्टाच्या वळणावर गाडी घसरली. तिथे जमिनीखालचा पाइप गळतो, वळण बारा महिने ओलं असतं. फारसं लागलं नाही. बाईंचं कोपर खरचटलं, कोटेशनरावांच्या चष्म्याची काडी गेली आणि डबा सांडला. पण बाई रस्त्याच्या कडेला बसल्या आणि स्वतःच्या हातांकडे बघत राहिल्या. "नवा टायर असून घसरली," त्या म्हणाल्या. "हात गेला माझा."

तेव्हाच सांगायला हवं होतं. कोटेशनरावांनी तोंड उघडलंही होतं. पण तेवढ्यात माणसं जमली, कुणी पाणी दिलं, कुणी सल्ला दिला, आणि उघडलेलं तोंड पाणी पिऊन बंद झालं. गाडी दुरुस्तीला गेली तेव्हा त्यांनी समोर दिसेल त्या दुकानातून टायर आणून गुपचूप बसवून टाकला. उद्या सांगू म्हणता म्हणता आठवडा गेला, मग महिना. खोटं शिळं झालं की ते काढून दाखवायची जास्तच लाज वाटते.

तेव्हापासून आभाळ भरलं की दोघं बसने जायची. कोरड्यात बाई गाडी काढायच्या, पण पोस्टाचं वळण टाळून दोन किलोमीटरचा वळसा घालायच्या. आणि हे गाडीपुरतं राहिलं नाही. बाई ओल्या फरशीवर भिंतीला धरून चालायला लागल्या. माळ्यावरचा डबा काढायला स्टुलावर चढेनाशा झाल्या. "आता वय झालं," असं म्हणायला लागल्या, त्रेपन्नाव्या वर्षी! प्रत्येक वेळी कोटेशनराव पेपर उघडून हवामानाचा अंदाज वाचायला लागायचे.

अशात एक दिवस बाईंनी फ्रीजवर एक कागद चिकटवला. गावाबाहेर शर्यतीचा ट्रॅक होता, तिथली मोटारसायकल शाळा एक दिवसाचा वर्ग घेणार होती. ट्रॅकवर पाणी मारायचं आणि ओल्यात गाडी कशी चालवायची ते शिकवायचं. अट एवढीच की टायर पाण्यात धरणारे हवेत, तीन वर्षांहून जुने नकोत, आणि मिस्त्रीचं प्रमाणपत्र हवं.

"शेवटचा प्रयत्न करते," बाई म्हणाल्या. "जमलं तर जमलं. नाहीतर गाडी विकून टाकू. उगाच दारात उभी करून रोज तोंड कशाला बघायचं तिचं?"

"टायर मी बघतो," कोटेशनराव एकदम म्हणाले.

"बघा. पण या वेळी दोन कोटेशनं पुरेत हं."

बाई आपल्या सहज म्हणाल्या. कोटेशनरावांना मात्र चहाचा असा ठसका लागला की समोरच्या घरातून डेंटिस्ट धावत आले.

डेंटिस्टांचा दवाखाना त्याच इमारतीच्या तळमजल्यावर होता आणि पेशंट कमी असल्यामुळे त्यांना सगळ्याच गोष्टींत रस होता. टायर म्हणताच ते म्हणाले, "टायर म्हणजे दातच हो! खाच खोल हवी. खाचेत घाण साठली की संपलं." वरच्या मजल्यावर रस्तेखात्यातून रिटायर झालेले ओव्हरसियर राहत. त्यांनी जिन्यातूनच निकाल दिला, "रुंद घ्या! रस्ता काय, टायर काय, रुंद असला की निम्मे प्रश्न सुटतात." त्यांनी आयुष्यात एकही रस्ता रुंद करून घेतला नव्हता, म्हणून ती हौस टायरवर निघत असावी.

कोटेशनराव पहिल्या दुकानात गेले. थंडगार काचेचं दुकान, टाय लावलेला विक्रेता. 'ट्रॅक' एवढा शब्द ऐकून त्याने एक टायर पुढे केला. कोटेशनरावांनी बोट फिरवलं. एक खाच नाही, नक्षी नाही, सगळा गुळगुळीत.

"हा तर झिजलाय!"

"नाही सर, नवाकोरा आहे. ट्रॅकचा टायर असाच असतो. जितकं रबर टेकेल तितकी पकड."

"आणि पाणी असलं तर?"

"पाण्यात नाही वापरायचा, सर. पाण्यात माणूस जातो," विक्रेता प्रसन्नपणे म्हणाला.

कोटेशनरावांना असा गुळगुळीत टायर पूर्वी एकदा पाहिल्याचं आठवलं आणि त्या थंडगार दुकानात त्यांना घाम फुटला.

दुसऱ्या दुकानात त्यांनी 'पाणी' हा शब्द आधी घेतला. तिथल्या जाड्या मालकाने आतून एक टायर आणला. बोटभर खोल खाचा, आणि रबर असं मऊ की अंगठा रुतावा. "शर्यतीत पाऊस आला की हाच लावतात," तो म्हणाला. "पाण्यात याच्या तोडीचा नाही."

"किती टिकेल?"

"ओल्यात दिवसभर."

"आणि कोरड्यात?"

"घरी पोचेपर्यंत. बहुतेक." मग त्याने गाडी कुठली ते विचारलं आणि हळहळत म्हणाला, "तुमच्या मापात येतच नाही हो हा."

घरी आल्यावर तक्ता सुरू झाला. नक्षी, मऊपणा, आयुष्य, माप, शेरा. तक्ता बघून ओव्हरसियर म्हणाले, "कागदावर टायर चालत नाही. चाचणी घ्या." झालं! गच्चीवर पाणी मारून त्यावर टायर ओढून बघायचे असं ठरलं. कोटेशनराव दोन जुने टायर मागायला मिस्त्रींकडे गेले. मिस्त्रींनी एक बऱ्या नक्षीचा दिला, आणि मग भिंतीच्या खिळ्यावरून दुसरा काढला.

"हा ओळखलात?"

न ओळखायला काय झालं? तोच तो, दीड वर्षापूर्वीचा.

"बाईंना सांगितलंत का?"

"सांगायचंय."

"साहेब, त्या मला विचारतात, मिस्त्री, हात जातो का हो माणसाचा? मी काय सांगू? मी सांगणार नाही, ते तुमचं काम आहे. पण हा टायर मी टाकून दिलेला नाही, एवढं लक्षात ठेवा."

रविवारी बाई शाळेच्या कामाला गेलेल्या पाहून चाचणी झाली. ओव्हरसियर ओढ मोजायला ताणकाटा धरून उभे, डेंटिस्ट आरसा आणि टोकदार सळी घेऊन खाचांची खोली मोजताहेत, कोटेशनराव दोरी ओढताहेत. टायर उभा करून त्याच्या पोटात वजन म्हणून विटा रचल्या होत्या. बऱ्या नक्षीचा टायर हलता हलेना. मग गुळगुळीत टायरची पाळी आली. कोटेशनरावांनी आधीच्याच ताकदीने दोरी ओढली, टायर लोण्यासारखा सुटला, कोटेशनराव ओल्या गच्चीवर उताणे झाले, विटा घरंगळल्या, आणि दोरी सुटून मोकळा झालेला टायर डुलत डुलत जिन्याकडे निघाला.

पुढचं सगळं आवाजावरूनच कळलं. तीन मजले तो एकेक पायरी मोजत गेला. बायकांच्या किंकाळ्या, एका बादलीचा आवाज, मग थोडी शांतता, मग दवाखान्याचं दार. बसायच्या खोलीत एक पेशंट दाढ धरून बसला होता. टायर त्याच्या पायाशी आला, दोन गिरक्या घेतल्या आणि आडवा पडला. पेशंट उठला तो थेट रस्त्यावर. नंतर त्याने फोन करून सांगितलं की दाढ दुखायची थांबली आहे. इकडे गच्चीतलं पाणी झिरपून ओव्हरसियरांच्याच छतातून गळायला लागलं, आणि तक्रार कुणाकडे करायची हे त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही.

बाई परत आल्या तेव्हा टायर दवाखान्याच्या दारात टेकवलेला होता आणि तिघं पुरुष लादी पुसत होते. बाईंनी वाकून टायरवर अंगठा फिरवला. गॅरेजवाल्याची लेक ती.

"बाई गं! कुठल्या गाढवाने हा इतका झिजेपर्यंत ठेवला होता? जीव जायचा एखाद्याचा."

डेंटिस्टांनी ओव्हरसियरांकडे बघितलं. ओव्हरसियरांनी छताकडे बघितलं. कोटेशनराव फडकं पिळत म्हणाले, "असतात लोक."

त्या रात्री त्यांना जेवण गेलं नाही.

आता उरलं तिसरं दुकान. पुलाखालचं. दीड वर्षं कोटेशनराव त्या दुकानासमोरून जाताना रस्ता ओलांडून पलीकडून जात होते. या वेळी आत शिरले. चष्मा दोरीने गळ्यात बांधलेला म्हातारा दुकानदार त्यांना बघून उठलाच.

"या, या! तुमचा कागद किती दिवस सांभाळू?" त्याने खण उघडला आणि पिवळा पडलेला कागद काढला. टायरचं कोटेशन. सही, शिक्का, तारीख. तारीख होती गाडी घसरली त्याच्या आदल्या दिवसाची. "सकाळीच तयार होतं. येऊन घेतो म्हणालात, आणि आलाच नाहीत."

कोटेशनराव टायरच्या चवडीवर बसले. म्हाताऱ्याने पाणी आणून दिलं. ग्लास रिकामा झाल्यावर विचारलं, "आता काय पाहिजे?"

"पाण्यात धरणारे टायर. ट्रॅकसाठी."

"चालवणार कोण?"

"बायको."

"भीती वाटते तिला?"

"पूर्वी नव्हती वाटत."

"ट्रॅक एक दिवसाचा. मग कुठे चालवणार?"

"पोस्टाच्या वळणावरून," कोटेशनराव म्हणाले.

"मग ट्रॅकचं विसरा. घरी यायच्या रस्त्याचा टायर घ्या." म्हाताऱ्याने पावसाळी रस्त्यासाठीची एक जोडी काढली. मधून कडेला जाणाऱ्या खाचा दाखवल्या, पाणी इथून बाहेर फेकलं जातं म्हणाला. रबर गारव्यातही धरतं म्हणाला. रुंद टायरचं काढताच हसला, "रुंद टायर पाण्यावर तरंगतो. कंपनीने दिलंय तेच माप ठेवा, आणि पुढचा-मागचा एकाच जातीचा." टायरच्या अंगावरचे चार आकडे वाचून कितव्या आठवड्यात, कुठल्या वर्षी बनला तेही दाखवलं. "आणि नवा टायर पहिले शंभर-दीडशे किलोमीटर निसरडा असतो. कोरड्यात हळू फिरवून मगच पाण्यात न्या. तक्ता करणार का?"

"नाही," कोटेशनराव म्हणाले. "बांधा."

पिवळा कागद त्यांनी घडी करून खिशात ठेवला.

आठवडाभर रोज संध्याकाळी बाईंनी मैदानाभोवती चकरा मारून टायर सरावाचे केले. मिस्त्रींनी प्रमाणपत्र लिहून दिलं, पण मोटारसायकल शाळेच्या खिडकीतल्या माणसाने ते परत केलं.

"शिक्का नाही."

"सही आहे की."

"सही आहे. शिक्का नाही."

तीस वर्षं कोटेशनराव खिडकीच्या आतल्या बाजूला बसून हेच वाक्य म्हणत आले होते. बाहेरून ते इतकं वाईट ऐकू येतं याची त्यांना कल्पना नव्हती. मिस्त्रींकडे शिक्का नव्हता. शेवटी डेंटिस्ट धावून आले. त्यांनी खाली लिहिलं, 'दोन्ही टायर स्वतः तपासले. खाचा खोल व निरोगी.' आणि दवाखान्याचा गोल शिक्का मारला. खिडकीतल्या माणसाने शिक्का गोल असल्याची खात्री केली आणि कागद ठेवून घेतला.

तो दिवस उजाडला लख्ख उन्हाचा. टँकरने ट्रॅकवर पाणी मारलं. शिकायला बारा जण, अकरा पोरंपोरी आणि बाई. शिकवणारी मुलगी बाईंच्याच शाळेतली निघाली. गणितात दोनदा नापास झालेली. बाईंना बघताच तिने आधी पाठ ताठ केली. कोटेशनराव कठड्यापाशी डब्याची पिशवी घेऊन उभे राहिले.

पहिली फेरी सुरू झाली. सगळे सुटले. बाई सर्वांत मागे, दोन्ही पाय खाली लोंबते ठेवून, सायकल शिकणाऱ्यासारख्या. प्रत्येक वळणाआधी जवळजवळ थांबायच्या. पाणी मारणारा टँकरसुद्धा त्यांना मागे टाकून गेला. मुलगी धावत बाजूने सांगत होती, "बाई, जरा वाकू द्या तिला! टायर धरतोय!" बाई मान हलवायच्या, पण हात काही ऐकत नव्हते. फेरी संपवून त्या कठड्याशी आल्या, हेल्मेट काढलं, हातमोजे काढले आणि हेल्मेटमध्ये टाकले.

"चला," त्या म्हणाल्या. "विकून टाकू."

"अगं, पहिलीच तर फेरी—"

"नवा टायर असून तेव्हा पडले मी. आज पुन्हा नवे टायर आहेत, आणि हात बघा." बोटं अजून हँडल धरल्यासारखी आखडलेली होती. "टायरचा दोष नाही हो. गेला हात माझा. होतं असं वयाने. त्यात काय एवढं?"

आणि बाई हसल्या. रडल्या असत्या तर कोटेशनराव कदाचित पुन्हा हवामानाकडे वळले असते. पण त्या हसल्या, आणि ते हसणं त्यांना बघवेना.

"तू त्या दिवशी विचारलंस ना," ते म्हणाले, "कुठल्या गाढवाने टायर इतका झिजेपर्यंत ठेवला?"

"हं?"

"तो आपला टायर होता. गाढव मी."

त्यांनी खिशातून पिवळा कागद काढून पुढे केला. बाईंनी वाचला. वरपासून खालपर्यंत, उत्तरपत्रिका वाचतात तसा. तारखेपाशी थांबल्या.

"म्हणजे मी विचारलं तेव्हा..."

"बदलला नव्हता. तिसरं कोटेशन यायचं होतं. मी झालं म्हणालो. तू पडलीस ती गुळगुळीत टायरवर पडलीस. तिथे तुझ्या वडिलांनीही गाडी पाडली असती. नंतर मी गुपचूप बदलला आणि... मला सांगता आलं नाही गं. लाज वाटली."

बाईंनी कागदाची घडी घातली आणि पुन्हा उघडली. ट्रॅकवर दुसऱ्या फेरीची शिट्टी झाली. कोटेशनरावांनी आयुष्यात पुष्कळ फायलींवर निर्णयाची वाट बघितली होती, पण अशी कधी नाही.

"दीड वर्ष," बाई शेवटी म्हणाल्या. "दीड वर्ष मी स्वतःला म्हातारी समजत होते. भिंतीला धरून चालत होते मी! आणि तुम्ही समोर बसून पेपर वाचत होतात?"

"हो."

"काय करू मी तुमचं?"

"सांगशील ते."

बाईंनी पुन्हा कागदाकडे बघितलं. डोळे पुसले, नाक ओढलं. मग तर्जनी एका ओळीवर ठेवली.

"बेरीज पण चुकलीये यांची."

"हो का?"

"माझ्या वेळी बरं तिसऱ्याची वाट बघितली नाहीत?"

"तेव्हा घाई होती मला," कोटेशनराव म्हणाले. "तुला दुसरीकडून होकार आला असता तर?"

बाईंनी कागद त्यांच्या हातात कोंबला. खाली वाकून आधी मागच्या, मग पुढच्या टायरच्या खाचेत नख घालून बघितलं. "यापुढे रोज मी बघणार," त्या म्हणाल्या. "तुमच्या 'झालं'वर माझा विश्वास नाही. तो परत बसायला वेळ लागेल." मग हातमोजे चढवले आणि गेल्या.

त्या रागात होत्या, हे त्यांच्या पाठीवरून कळत होतं. पहिल्या वळणावर त्यांचे पाय वर होते. दुसऱ्या वळणावर गाडी जराशी कलली. तिसऱ्यावर नीट वाकली, पाणी दोन्ही बाजूंनी उडालं, आणि गाडी वळणातून अशी बाहेर आली की शिकवणारी मुलगी टाळ्या वाजवायला लागली. चौथ्या फेरीत बाईंनी टँकरला मागे टाकलं. जाताना हॉर्नही दिला. कोटेशनराव कठड्याला धरून उभे होते आणि चष्मा पुसत होते. चष्मा स्वच्छ होता.

घरी निघाले तेव्हा दुपार कलली होती. गळ्यात पिशवी, हात मागच्या दांडीला, पाठ ताठ. वाटेत आधी आपण बोलायचा आपल्याला हक्क नाही, हे कोटेशनरावांना समजत होतं. गावात शिरल्यावर जिथून वळशाचा रस्ता फुटतो तिथे बाईंनी गाडी उभी केली. समोर पोस्ट दिसत होतं. वळणावर पाणी चमकत होतं. पाइप इमाने-इतबारे गळत होता.

"अहो."

"हं."

"उतरायचं असेल तर उतरा. मी पलीकडे थांबते तुमच्यासाठी."

कोटेशनरावांनी वळणाकडे बघितलं. पोस्टाच्या पायरीवर पोस्टमन बसला होता. भाजी घेऊन ओव्हरसियर येत होते. दुकानांतून ओळखीची माणसं बघत होती. कोटेशनरावांनी मागची दांडी सोडली आणि दोन्ही हात बाईंच्या खांद्यांवर ठेवले.

"चल," ते म्हणाले.

गाडी निघाली. ओलं आलं, गाडी डावीकडे वाकली, आणि चोवीस वर्षांत पहिल्यांदा कोटेशनरावही तिच्याबरोबर डावीकडे वाकले. डोळे मिटले गेले, पण ते उलट कलले नाहीत. टायरने धरलं. पाण्याचा सपकारा ओव्हरसियरांच्या भाजीवर गेला. डोळे उघडले तेव्हा वळण मागे पडलं होतं.

पुढच्या चौकात लाल दिवा लागला. बाई थांबल्या. मान न वळवता म्हणाल्या, "इतकी वर्षं वाटायचं, मागे पोतं बांधलंय. आज पहिल्यांदा वाटलं, माणूस बसलाय."

"हात काढू का?" कोटेशनरावांनी विचारलं. "लोक बघताहेत."

"काढून तर बघा," बाई म्हणाल्या.

दिवा हिरवा झाला.